रुग्ण आत असताना जनरेटरची चाचणी : त्या निरोपातला एकेक मुद्दा

व्हॉट्सअॅपवर फिरणारा एक निरोप मला गेल्या काही दिवसांत चार-पाच जणांनी पाठवला. त्याचा मजकूर थोडक्यात असा : "रुग्णालयं महिन्यातून एकदा मुद्दाम लाइट घालवून जनरेटर तपासतात, हा रुग्णांच्या जिवाशी खेळ आहे. जनरेटर आठवड्यातून पाच मिनिटं चालू करून बघितला की पुरतं. आयसीयूत यूपीएस असतोच. बाकी सगळा डिझेल जाळून बिलं वाढवायचा धंदा. आपला माणूस अॅडमिट असेल तर अशी चाचणी होऊ देऊ नका."

मी अनेक वर्षं रुग्णालयांच्या विद्युत विभागात काम करतो आहे. ज्याची आई व्हेंटिलेटरवर आहे त्याला हा निरोप वाचून धस्स होणारच, आणि त्या भीतीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण नातेवाइकांच्या दबावामुळे एखाद्या रुग्णालयाने चाचण्या थांबवल्या, तर ज्या रुग्णासाठी हा आग्रह धरला त्याच्यावरच ते शेकेल.

"मुद्दाम लाइट घालवतात." हे अर्धंच खरं आहे. चाचणीत आपण एएमएफ पॅनलला, म्हणजे बाहेरची वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या पॅनलला, वीज गेल्याचं भासवतो. पॅनल जनरेटरला सुरू व्हायचा हुकूम देतं, काही सेकंदांत चेंजओव्हर (जोडणीची अदलाबदल) होतो आणि लोड, म्हणजे रुग्णालयाचा विजेचा भार, जनरेटरवर जातो. वॉर्डातले दिवे आणि पंखे फक्त त्या चेंजओव्हरपुरते जातात. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप यूपीएसच्या बॅटरीवर असतात, त्यांना पत्ताही लागत नाही. मुख्य म्हणजे या सगळ्या वेळात महावितरणची वीज पॅनलच्या दाराशी उभी असते. जनरेटर सुरूच झाला नाही तर लोड त्या विजेवरून हलतच नाही. चालता चालता बंद पडला तर लोड काही सेकंदांत परत तिकडेच जातो. हाच बिघाड आषाढातल्या रात्री दोन वाजता, बाहेरून वीज आणणारा फीडर बंद पडलेला असताना उघडकीला आला, तर परतायला जागा नसते.

मात्र चाचणी घ्यायची एक रीत आहे, आणि ती पाळली नाही तर निरोप लिहिणाऱ्याची भीती रास्त ठरते. ओटीत शस्त्रक्रिया चालू असताना चाचणी घेत नाहीत. आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आणि डायलिसिसच्या इन्चार्ज सिस्टरना वेळ आधी सांगतात, त्यांनी "थांबा" म्हटलं तर थांबतात. प्रत्येक व्हेंटिलेटरजवळ अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि ती दाबू शकणारा माणूस असतो. लिफ्टमध्ये स्ट्रेचर नाही ना, हे लिफ्टमनला विचारतात. यूपीएसच्या बॅटऱ्या त्याआधी तपासतात. त्या कमजोर निघाल्या तर चाचणी पुढे ढकलून आधी बॅटऱ्या बदलतात. दोन डीजी (डिझेल जनरेटर) असतील तर एक तपासताना दुसरा ऑटोवर तयार असतो. एकच असेल आणि तो सर्व्हिसिंगसाठी उघडायचा असेल, तर भाड्याचा डीजी आवारात आणून, केबल जोडून, एकदा चालवून बघतात आणि मगच पाना हातात घेतात.

"पाच मिनिटं चालवला की पुरतं." या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तो पटण्यासारखा वाटतो.

एका रुग्णालयात दर सोमवारी डीजी पाच मिनिटं बिनलोडचा चालायचा आणि लॉगबुकात "ओके" पडायचं. आम्ही पहिल्यांदा त्यावर खरा लोड टाकला, तेव्हा पंधरा-सोळा मिनिटं सगळं ठीक होतं. मग इंजिनाचा आवाज जड झाला, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून खाली घसरत गेली आणि सेट ट्रिप होऊन बंद पडला. डिझेल फिल्टर गाळाने चोंदला होता. रिकाम्या इंजिनाला डिझेल इतकं कमी लागतं, की तेवढं त्या चोंदलेल्या फिल्टरमधूनही येत होतं. लॉगबुकातलं "ओके" खोटं नव्हतं. सोमवारी जे तपासलं जात होतं, त्याचा रुग्णालयाच्या गरजेशी संबंधच नव्हता. त्या दिवशी बाहेरची वीज होती, म्हणून लोड लगेच परत गेला आणि वॉर्डात कुणाला काही कळलं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

पाच मिनिटांत सेल्फची बॅटरी आणि स्टार्टर कळतात, आणि तेही महत्त्वाचं आहे, कारण डीजी ऐनवेळी सुरू न होण्याचं नेहमीचं कारण बॅटरीच असते. पण कूलिंग, गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग), अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग), चेंजओव्हरचे कॉन्टॅक्ट यांची परीक्षा लोडवरच होते. शिवाय इंजिनाजवळच्या छोट्या टाकीतलं डिझेल पाच मिनिटांना पुरतं, त्यामुळे मोठ्या टाकीतून डिझेल आणणारा पंप चालतो की नाही हे कळतच नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते, पण डिझेलचे पंप तळघरात पाण्याखाली गेले. माणसांनी रांग करून डिझेल हातोहात जिन्याने वर चढवलं, आणि शेवटी रुग्णालय रिकामं करावं लागलं. पुराचं पाणी कुठल्या चाचणीत दिसत नाही, हे मान्य. पण जनरेटर म्हणजे नुसतं इंजिन नव्हे, हे त्यातून दिसतं.

बिनलोडचं चालवणं इंजिनाला बाधतंही. डिझेल इंजिन पुरेसं तापलं नाही की अर्धवट जळालेलं इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते, सांध्यांतून काळा ओशट द्रव गळू लागतो. म्हणूनच अमेरिकेतल्या एनएफपीए ११० या मानकात महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटं, क्षमतेच्या किमान ३० टक्के लोडवर चालवा असं सांगितलं आहे. तेवढा लोड मिळत नसेल तर वर्षातून एकदा लोड बँक (जनरेटरवर कृत्रिम भार टाकणारं यंत्र) लावून दीड तासाची चाचणी घ्यावी लागते : ५० टक्क्यांवर अर्धा तास, ७५ टक्क्यांवर एक तास. लोड बँक लावली की रुग्णांच्या विजेला हात लागत नाही. फक्त त्या वेळात खरोखरच लाइट गेली तर लोड बँक आधी आपोआप सुटली पाहिजे, ही जोडणी करून ठेवावी लागते.

"यूपीएस असतोच." यूपीएस हा मधल्या काही सेकंदांचा पूल आहे. बहुतेक ठिकाणी त्याचा बॅकअप मिनिटांत मोजतात, आणि एसी बंद पडलेल्या कोंदट खोलीत ठेवलेल्या बॅटऱ्या बघता बघता म्हाताऱ्या होतात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळून मुंबई आणि आसपासची वीज गेली, ती कित्येक भागांत तासन् तास आली नाही. कोविडचे वॉर्ड तेव्हा भरलेले होते. त्याच दिवशी मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात जनरेटरला आग लागली आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावं लागलं. तिथे आग कशाने लागली यावर मी बोलणार नाही. पण लाइट तासन् तास जाते तेव्हा सगळा भार यूपीएसवर नाही, जनरेटरवर येतो.

डिझेलचा हिशोब लगेच होतो. २५० केव्हीएचा डीजी निम्म्या लोडवर अर्धा तास चालवला तर साधारण १२ ते १५ लिटर डिझेल जातं. शंभर खाटांच्या रुग्णालयाचं बिल यावर वाढत नाही.

राहिलं "होऊ देऊ नका". नातेवाइकांनी जरूर विचारावं, पण वेगळं विचारावं : शेवटची लोडवरची चाचणी कधी झाली, किती मिनिटं, किती लोडवर? आणि चाचणी संपल्यावर सिलेक्टर स्विच परत ऑटोवर ठेवल्याची सही कुणाची आहे? चाचणीसाठी मॅन्युअलवर नेलेला स्विच तसाच राहिला तर लाइट गेल्यावर धडधाकट जनरेटरही गप्प उभा राहतो. म्हणून आमच्याकडे ऑपरेटर आणि सुपरवायझर दोघं पॅनलसमोर उभे राहून तो स्विच बघतात आणि मगच लॉगबुक मिटतात.