पुठ्ठ्यावरची सूर्यमाला

‘घरात उपलब्ध असलेल्या साध्या साहित्यातून सूर्यमालेची प्रतिकृती तयार करावी’ हे वाक्य ज्याने प्रथम लिहिले, त्याच्या घरात पुठ्ठा, गोंद, कात्री आणि मोकळा वेळ एकत्र नांदत असावेत. आमच्याकडे पुठ्ठा सापडतो तेव्हा गोंदाच्या बाटलीचे तोंड सुकून बंद झालेले असते, आणि ते टाचणीने उघडेपर्यंत कात्री बेपत्ता होते.

त्यात आमच्या कन्येला अचूकतेची हौस. पृथ्वी एक मिलिमीटरची, म्हणजे मोहरीएवढी धरली, तर सूर्य सुमारे ११ सेंटिमीटरचा होतो, इथवर हिशेब आटोक्यात होता. परंतु त्याच प्रमाणात पृथ्वी सूर्यापासून जवळजवळ १२ मीटरवर आणि नेपच्यून सुमारे ३५० मीटरवर जातो, हे तिने आकडेमोड करून दाखवले, तेव्हा आमचा पुठ्ठा एकाएकी केविलवाणा दिसू लागला. “बाबा, अंतरे खोटी चालतील का?” असे तिने विचारताच मी उदार अंतःकरणाने परवानगी दिली. सूर्यमालेचे चित्र एका पानावर छापणाऱ्या प्रत्येकाने हीच तडजोड केलेली असते.

ताऱ्यांचे काम सोपे म्हणून माझ्याकडे आले. जुना टूथब्रश पांढऱ्या रंगात बुडवायचा, त्याचे केस अंगठ्याने मागे ओढायचे आणि सोडायचे, की काळ्या पुठ्ठ्यावर बारीक तारे उमटतात. केस कोणत्या दिशेला ओढल्यावर रंग कोणत्या दिशेला उडतो, हे मात्र कृतीत कोणी लिहीत नाही. पहिली आकाशगंगा माझ्या चष्म्यावर अवतरली.

शनीने सर्वांत छळले. थर्माकोलचा गोळा मधोमध कापून त्याचे अर्धे भाग जुन्या सीडीच्या दोन्ही बाजूंना चिकटवले, की कड्यांसह शनी तयार, ही युक्ती खरोखर चांगली आहे. पण झटपट चिकटणाऱ्या उग्र वासाच्या गोंदातील द्रावक थर्माकोल विरघळवतो आणि ग्रह आपल्या डोळ्यांदेखत आत बसू लागतो. पृष्ठभागावर पडलेले खड्डे पाहून कन्येने शांतपणे त्याची बुधाच्या जागी बदली केली. बुध गुरूपेक्षा मोठा झाला, याबद्दल अचूकतेच्या त्या कैवारिणीने चकार शब्द काढला नाही. नवा शनी साध्या पांढऱ्या गोंदाने चिकटवला. तो गोंद सुकण्यास जो वेळ घेतो, तो शनीच्या २९ वर्षांच्या प्रदक्षिणेला शोभणारा आहे.

२००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लुटोला ग्रहांच्या यादीतून वगळले, याबद्दल रंगाने माखलेल्या हातांनी मी त्या संघाचे मनोमन आभार मानले. आईला मात्र तो निर्णय मान्य नव्हता. “आम्ही नऊ शिकलो, नऊच राहतील,” असे म्हणून तिने कागदाच्या उरलेल्या लगद्याचा ऐसपैस प्लुटो वळला आणि नेपच्यूनच्या पलीकडे स्वहस्ते चिकटवला. आजीला दुखवणे आणि विज्ञानाला दुखवणे, दोन्ही कन्येला नको होते. म्हणून तिने त्याखाली सुवाच्य अक्षरांत लिहिले: ‘प्लुटो. बटुग्रह. आजीच्या आग्रहास्तव.’