गोव्यातला फ्लॅट तुमचाच, पण रात्रीचं भाडं घेतलंत की तो धंदा

मुंबई-पुण्याच्या नातेवाईकांच्या गटांतून एक मेसेज पुन्हा पुन्हा माझ्याकडे येतो. मी गोव्यात पर्वरीला राहते, म्हणून त्याबद्दल मलाच विचारतात. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गोव्यात फ्लॅट घ्या आणि पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने द्यायला बुकिंगच्या अ‍ॅपवर टाका. स्वतःच्या घरात पाहुणे ठेवायला परवाना लागत नाही, तो हॉटेलवाल्यांना लागतो. टॅक्स अ‍ॅपच भरतं. सोसायटीला विचारायचं कारण नाही. पाहुण्यांचं आधार कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलं की झालं.

या भरवशावर लोक आयुष्यभराची पुंजी घालताहेत, म्हणून एकेक मुद्दा नीट बघू.

‘स्वतःच्या घराला परवाना लागत नाही.’ लागतो. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. पैसे घेऊन पर्यटकांना राहायला जागा देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची, हा त्याचा गाभा. घर कुणाच्या मालकीचं आहे याला इथे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते तुम्ही त्या घरात काय करता याला. तिथे तुम्ही स्वतः राहा, भावाला राहू द्या, कुणी विचारणार नाही. रात्रीचा दर लावून अनोळखी माणसाला चावी दिलीत की तुम्ही पर्यटन व्यवसायात आलात. व्हिला, सर्व्हिस अपार्टमेंट, होमस्टे आणि ऑनलाइन दिले जाणारे फ्लॅटही यात येतात, हे पर्यटन खात्याने वेळोवेळी जाहीरपणे बजावलं आहे. ‘कायदा हॉटेलांसाठी होता, आमच्यासाठी नव्हता’ हा बचाव त्यामुळे टिकत नाही. पंचायतीत किंवा पालिकेत चौकशी करावी लागते ती वेगळी. व्यावसायिक वापराचा घरपट्टीवर आणि वीजदरावर काय परिणाम होतो, हे फ्लॅट घेण्याआधीच विचारून घ्या.

‘टॅक्स अ‍ॅप भरतं.’ हे अर्धं खरं आहे, आणि माणसं फसतात ती अशाच अर्ध्या खऱ्या गोष्टींनी. तुमची वार्षिक उलाढाल जीएसटीच्या २० लाखांच्या मर्यादेत असेल आणि बुकिंग अ‍ॅपवरून आलं असेल, तर त्या मुक्कामाचा जीएसटी भरायची जबाबदारी अ‍ॅपवर असते. इथवर मेसेज बरोबर. पण हे २० लाख त्या एका फ्लॅटचे नसतात. एकाच पॅनवरची देशभरातली उलाढाल त्यात मोजली जाते. पुण्यात सल्लागार म्हणून वर्षाला १६ लाखांची फी घेणाऱ्या माणसाला गोव्याच्या फ्लॅटमधून ५ लाख आले, तर तो मर्यादेबाहेर गेला. मग नोंदणी त्याची आणि करही त्यानेच भरायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. आसगाव-शिवोलीकडच्या व्हिलांचे सिझनमधले दर पाहिले तर १८ टक्क्यांचा फटका काही दुर्मीळ नाही.

शिवाय दुसऱ्या खेपेला तोच पाहुणा थेट फोन करून येतो आणि पैसे यूपीआयवर टाकतो. त्या व्यवहारात अ‍ॅप कुठे आहे?

आयकर तर आणखी वेगळा. अ‍ॅप टीडीएस, म्हणजे पैसे तुम्हाला देण्याआधीच कापायचा कर, कापतं तो ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. तेवढा कापला म्हणजे तुमचा आयकर भरून झाला असं नव्हे. उलट त्या कपातीमुळे तुमची कमाई आयकर खात्याला दिसते.

‘आधार कार्ड मागवलं की झालं.’ पाहुणा परदेशी असेल तर त्याच्याकडे आधार बहुधा नसतंच. पासपोर्ट-व्हिसाचे तपशील भरून त्याची माहिती आल्यापासून २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेला ऑनलाइन कळवावी लागते. ‘फॉर्म सी’ म्हणतात तो हाच. छोट्या होमस्टेलाही यातून सूट नाही. मालक ठाणे शहरात आणि चावी केअरटेकरकडे, अशा ठिकाणी हे कोण करतं?

‘सोसायटीचा काय संबंध?’ माझा सगळ्यात जास्त जीव अडकतो तो इथे. सोसायटी मनाला येईल तसा दंड लावू शकत नाही, हे मान्य. पण पोटनियम सभासदाला बांधून ठेवतात, आणि पुष्कळ खरेदीखतांत फ्लॅट निवासी वापरासाठीच असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं. सही करण्याआधी ते कलम वाचा.

कागद बाजूला ठेवला तरी पाण्याचा प्रश्न उरतोच. आमच्या बार्देश तालुक्याला मिळणारं बरंचसं पाणी दोडामार्गच्या तिळारी धरणातून कालव्याने येतं. कालवा कुठे फुटला की आमच्या नळाला थेंब नसतो आणि टँकरची वर्गणी निघते. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये शनिवारी दहाजण उतरतात तेव्हा त्या टँकरचे पैसे वरच्या मजल्यावरच्या पेन्शनर आजीही भरतात. पहाटे दोनला जिन्यात चाललेला गोंधळ थांबवायला मालक हजर नसतो. इथल्या नर्सला, शिक्षकाला वर्षभरासाठी भाड्याने घर मिळणं अवघड होत चाललंय, तेही याच हिशेबामुळे. वर्षाच्या भाड्यापेक्षा सिझनच्या रात्री जास्त देऊन जातात.

‘अ‍ॅपने लिस्टिंग घेतलं, म्हणजे कायदेशीरच असणार.’ हे मेसेजमध्ये नाही, पण त्याखालच्या उत्तरांत हमखास असतं. अ‍ॅप जाहिरात घेतं. परवानगी देणं त्याच्या हातात नाही. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या घरांच्या अल्पमुदतीच्या बुकिंगचे पैसे स्वीकारायला अ‍ॅप कंपन्यांनाच मनाई केली, आणि हजारो लिस्टिंग गळून पडली. त्या घरमालकांनाही तोवर अ‍ॅपने कधी अडवलं नव्हतं.

फ्लॅट घेऊ पाहणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: एजंट वर्षाच्या कमाईचा तक्ता दाखवेल, तेव्हा याच इमारतीतल्या एखाद्या फ्लॅटचं पर्यटन खात्याचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला तर टोकन देऊ नका.