काळजी केंद्रात म्हशीला जागा आहे का?

कृष्णेला पाणी चढलं की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यातनं दोन बातम्या हमखास येतात. कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेला, आणि अमक्या गावचे लोक घर सोडायला तयार नाहीत. दुसरी वाचून शहरातली मंडळी (बेळगावचीसुद्धा, उगाच बंगळूरला कशाला नावं ठेवायची) म्हणतात, काय अडाणी माणसं! जीव मोठा की घर?

घर नव्हे हो. म्हस.

ऑगस्ट २०१९ आठवा. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ थेट पुणे-बंगळूर हायवेवर आलं होतं. आमच्या शेजारच्या काकी शाळेतल्या पूरग्रस्तांच्या छावणीत आल्या त्या कमरेएवढ्या पाण्यातनं, पुढं म्हस, मागं त्या. वर्गात सतरंज्या टाकलेल्या, अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, पातेल्यात भात शिजत होता. सोय वाईट नव्हती. काकींचा एकच प्रश्न, "साहेब, हिला कुठं बांधू?" साहेबांनी कंपाउंडकडं बोट दाखवलं. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन काकी रात्रभर पावसात म्हशीपाशीच. यादीत मात्र 'निवाऱ्यात दाखल'.

या छावण्यांना आपल्याकडं आधी 'गंजी केंद्र' म्हणायचे. कन्नडमध्ये गंजी म्हणजे पेज, आपल्याकडं गंजी कडब्याची. खरंच कडब्याची गंजी रचून ठेवली असती तर निम्मं गाव आदल्या दिवशीच आलं असतं! आता 'काळजी केंद्र' झालंय. मराठीतनं कन्नडमध्ये गेलेला शब्द. तिकडं त्यात आस्था आहे, आपल्याकडं आस्था आहे आणि घोरही.

अधिकारी बोलताना 'शेल्टर'च म्हणतात. या इंग्रजी शब्दाचं मूळ पक्कं नाही, पण बरेच कोशकार ते जुन्या इंग्रजीतल्या 'शिल्डट्रुमा'पर्यंत नेतात. ढालीला ढाल भिडवून उभी राहिलेली तुकडी. म्हणजे छप्पर नंतर, आधी शेजारी कोण उभं आहे ते. मला हे पटतं. आपला आसरा आश्रयावरून आला. पण नदीकाठच्या माणसाला दुसरी आसराही ठाऊक असते, डोहातली, साती आसरांपैकी. ती अप्सरेवरून आली. पूर ओसरल्यावर आमच्याकडच्या बायका तिचीच खणानारळानं ओटी भरतात, तेव्हा व्युत्पत्तीचा घोळ कोशवाल्यांनी निस्तरावा.

माझं म्हणणं एवढंच, की पुराच्या नियोजनात आधी जनावरांची जागा ठरवा, माणसं आपसूक येतील. उंच माळावर पत्र्याचं शेड, गव्हाणी, पाण्याची टाकी, चार दिवसांची वैरण. दुभती म्हस दोन्ही वेळेला पिळावीच लागते, नाहीतर कास सुजते. आणि रस्ता बुडाला की डेअरीचा टेम्पो येत नाही, तेव्हा त्या दुधाचं काय करायचं तेही ठरवा. घराची भरपाई सोडून म्हशींचं काय घेऊन बसलात, असं काहीजण म्हणतील. भरपाईसाठी भांडूच. पण बचत गटाचं कर्ज काढून घेतलेली, हप्ते अजून चालू असलेली म्हस दावणीला सोडून सतरंजीवर झोपायला या, असं सांगणाऱ्यानं एकदा स्वतः तसं झोपून दाखवावं.

ग्रामसभेत हा विषय मे महिन्यातच काढायला हवा. जूनमध्ये सगळे पेरणीत असतात, आणि जुलैत ग्रामसभेला येणार कोण, रस्ताच नसतो.