आधी गाणे कुणाचे ते ठरवा, कंपनीची नोंदणी नंतर

संगीताच्या क्षेत्रात छोटा व्यवसाय सुरू करू पाहणारी माणसे, मग ती स्वतःचे लेबल, म्हणजे गाणी मुद्रित करून बाजारात आणणारी संस्था, काढणार असोत, स्टुडिओ चालवणार असोत किंवा चौघांचा बँड घेऊन कार्यक्रम करणार असोत, कायद्याबद्दलचा पहिला प्रश्न हमखास एकच विचारतात : कंपनी काढावी की भागीदारी करावी? प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे, असे माझे ठाम मत आहे. या धंद्यात माल म्हणजे हक्क. ध्वनिमुद्रणाची फाइल आपल्या संगणकात असणे आणि त्या ध्वनिमुद्रणाची मालकी आपल्याकडे असणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. ज्या मालाची मालकीच ठरलेली नाही, तो विकण्यासाठी कितीही रीतसर संस्था उभारली तरी उपयोग काय?

मुद्रित झालेल्या एका गाण्यात किमान दोन स्वतंत्र हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा, म्हणजे रचनेचा हक्क एक, आणि त्या रचनेच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात त्याचा, दुसरा. अमेरिकी गायिका-गीतकार टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमची मास्टर्स २०१९ मध्ये तिच्या मनाविरुद्ध दुसऱ्याच्या हाती गेली, तेव्हा गीतलेखनातले हक्क तिच्याकडे असल्यामुळे तिला तीच गाणी नव्याने मुद्रित करता आली. मूळ मास्टर्स तिने २०२५ मध्ये विकत घेतली. हे उदाहरण मोठ्या कलाकाराचे असले तरी त्यातली विभागणी कालच पहिले गाणे मुद्रित केलेल्या मुलालाही तशीच लागू होते. याखेरीज गायक-वादकांना स्वतःच्या सादरीकरणावर वेगळे हक्क असतात. १९६१ च्या रोम करारापासून त्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता आहे.

हे हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी लागत नाही. १८८६ च्या बर्न कराराच्या आजच्या व्यवस्थेनुसार सदस्य देशांत कॉपीराइट कोणत्याही सोपस्काराविना लाभतो आणि सर्वसाधारणपणे रचनाकाराच्या हयातीनंतर किमान ५० वर्षे टिकतो. बहुतेकांना ही सोयीची बाजू तेवढी दिसते. गैरसोयीची बाजू अशी की हक्क कागदाविना जन्मतो, म्हणूनच तो पैसे देणाऱ्याकडे न जाता चाल रचणाऱ्याकडे आपसूक जातो. तुम्ही ओळखीच्या वाद्यसंयोजकाला ठरलेली रक्कम दिलीत, त्याने मध्यंतराची एक नवी सुरावट रचली, तर त्या सुरावटीचे काय? तुम्ही दिले ते मेहनतान्याचे पैसे होते की हक्काची किंमत? लेखी नसेल, तर दोघेही प्रामाणिकपणे दोन वेगळी उत्तरे देतील. एखाद्याला नोकरीवर ठेवून काम करून घेतले असेल तर अनेक देशांत कामाची मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते, पण स्टुडिओत एका दिवसासाठी आलेला वादक सहसा नोकर नसतो.

ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, याबद्दल तर देशोदेशीचे कायदेही एकसारखे नाहीत. ब्रिटन आणि भारत यांच्या कायद्यांत ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून निर्मात्याकडे, म्हणजे मुद्रणाची व्यवस्था करणाऱ्याकडे, पाहिले जाते, तर अमेरिकेत सादर करणारे कलाकारही कर्ते ठरू शकतात. तेथील कायद्यात, ‘काम सांगणाऱ्याची मालकी’ हे तत्त्व बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाला फक्त ९ ठरावीक प्रकारांत लागू होते. त्या यादीत ध्वनिमुद्रण १९९९ मध्ये घुसवले गेले आणि कलाकारांच्या तीव्र विरोधानंतर २००० मध्ये काढून टाकले गेले. (दुरुस्त्या किती गुपचूप होतात आणि त्या उलटवायला किती ओरड करावी लागते, याचा हा चांगला नमुना आहे.) त्यामुळे ‘काम सांगणाऱ्याची मालकी’ असे वाक्य करारात आहे एवढ्याने भागत नाही, हक्क हस्तांतरित केल्याचे स्पष्ट कलम आणि सही लागते.

माझा आग्रह एवढाच आहे की मुद्रण संपते त्याच दिवशी, मंडळी स्टुडिओत असतानाच, एक पानभर मजकूर लिहावा : गाण्याचे नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, रचनेत कुणाचा किती टक्के वाटा, मास्टर कुणाचे, वादकांना एकरकमी मानधन की रॉयल्टीत हिस्सा, आणि सर्वांच्या सह्या. ‘आपण मित्र आहोत, आपल्यात कागद कशाला’ हे वाक्य मला या क्षेत्रातले सर्वांत महागडे वाक्य वाटते. गाण्यातून काहीच मिळत नसते तेव्हा टक्केवारी ठरवणे सोपे जाते. जाहिरातवाल्याचा फोन आल्यानंतर प्रत्येकाला आपली ओळ मुख्य वाटू लागते. शिवाय वाटे ठरलेले असले तरी परवानगी देण्याचा अधिकार कुणाचा, हे वेगळे लिहावे. अमेरिकेत एक सहमालक इतरांना न विचारता अनन्य नसलेला परवाना, म्हणजे इतरांनाही देता येण्याजोगी वापराची परवानगी, देऊ शकतो, त्याने फक्त मिळकतीचा हिशेब द्यायचा असतो. ब्रिटनमध्ये मात्र सर्व सहमालकांची संमती लागते.

आता संस्थेच्या स्वरूपाकडे वळू. इथे एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे, बाकीचे कोणताही हिशेबनीस सांगेल. नफ्यासाठी एकत्र कार्यक्रम करणारा बँड काहीही नोंदवले नसतानाही कायद्याच्या दृष्टीने भागीदारी ठरू शकतो. ब्रिटनच्या १८९० च्या भागीदारी कायद्यात आणि भारताच्या १९३२ च्या कायद्यात वेगळे ठरले नसेल तर नफ्याचे वाटे समान धरले जातात, आणि एका भागीदाराने व्यवसायासाठी केलेले कर्ज इतरांच्या गळ्यात पडू शकते. मर्यादित जबाबदारीची कंपनी काढण्याचे खरे कारण इथे आहे. बँडचे नाव ही वेगळी मालमत्ता आहे. ध्वनिमुद्रणांसाठी व्यापारचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला ९ वा वर्ग आणि कार्यक्रमांसाठी ४१ वा वर्ग लागतो. मात्र बँड फुटल्यावर नाव कोण वापरणार, हे नोंदणीच्या अर्जापेक्षा आपसातल्या करारात आधी लिहिलेले बरे.

दुसऱ्यांचे संगीत वापरण्याबाबत गैरसमज फार आहेत. ‘काही सेकंद चालतात’ असा सार्वत्रिक नियम कुठेही नाही. क्राफ्टवेर्क या जर्मन समूहाच्या १९७७ च्या ध्वनिमुद्रणातला सुमारे दोन सेकंदांचा तुकडा वापरल्यावरून झालेला वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. अगदी छोटा तुकडाही, कानाला ओळखू येण्याजोगा असेल तर, तत्त्वतः निर्मात्याच्या परवानगीच्या कक्षेत येतो, असे त्या न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. तुकडा उचलायचा तर मास्टरची आणि रचनेची अशा दोन्ही परवानग्या लागतात. नव्याने गाऊन मुद्रित केले तर मास्टरचा प्रश्न उरत नाही, रचनेचा उरतोच. आणि त्यावर चित्रफीत केली की दृश्यासोबत संगीत जोडण्याची परवानगी आणखी वेगळी.

लेबल म्हणून दुसऱ्याचे हक्क घेताना मुदत, प्रदेश आणि माध्यम हे तीन शब्द करारात मोकळे सोडू नयेत. भारतीय कायद्यात हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. जगभर गाणे पसरवायला निघालेल्या लेबलला हे उशिरा कळले तर पंचाईत होते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा बव्हंशी करारानेही काढून घेता येत नाही. काही लेबलवाल्यांना हे जाचक वाटते. मला तसे वाटत नाही, कारण ज्याला उद्याच्या मिळकतीत वाटा आहे तो माणूस गाण्याच्या नोंदी नीट ठेवायला स्वतःहून मदत करतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक आणि रचनेला स्वतंत्र आयएसडब्ल्यूसी हा तसाच क्रमांक असतो; या नोंदीत नावे चुकली की वसूल झालेले पैसेही योग्य माणसापर्यंत पोहोचत नाहीत.

इंटरनेटवरून उचललेले करारनामे सर्रास वापरले जातात, त्याबद्दल शेवटचे. त्यांतले पुष्कळसे अमेरिकी असतात आणि वर सांगितलेले ‘काम सांगणाऱ्याची मालकी’ हे कलम त्यांत ठळकपणे असते, जे दुसऱ्या देशात कदाचित निरर्थक ठरेल. वकिलावर एकदाच खर्च करणे परवडत असेल, तर तो कंपनीच्या कागदपत्रांवर न करता आपल्या देशाच्या कायद्यात बसणारा हस्तांतरणाचा एक चांगला नमुना तयार करून घेण्यावर करावा, आणि पुढच्या प्रत्येक मुद्रणाला तोच भरून घ्यावा.