ओरिगामीची खोटी स्तुती कशाला?

उन्हाळी सुट्टी जवळ आली की नाशिकच्या पालकांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. सार असं: ओरिगामी, म्हणजे कागदाला घड्या घालून आकार करणं, ही जपानने जगाला दिलेली दोन हजार वर्षांची कला आहे, ती केली की उजवा मेंदू जागा होतो आणि गणितातले मार्क वाढतात, तिला खास जपानी कागदच लागतो, कात्री लावली की ती ओरिगामी राहत नाही, कुठलाही कागद सातपेक्षा जास्त वेळा दुमडता येत नाही, हिरोशिमाच्या सादाकोचे हजार कागदी क्रौंच पक्षी पुरे झाले नाहीत, 644 वरच ती गेली, आणि मुलांचा मोबाईल सुटतो. खाली कुठल्यातरी शिबिराची फी.

मला कागद दुमडायची हौस, म्हणून ओळखीतले झाडून सगळे तो मलाच पाठवतात. मेसेज ओरिगामीच्या बाजूचा आहे, हे खरं. पण त्यातलं एकही वाक्य धड नाही, आणि स्तुती चुकीच्या गोष्टीची केली की पोरं खऱ्या गोष्टीला मुकतात.

दोन हजार वर्षांचं आधी बघू. कागद चीनचा. त्साय लुन याचं नाव आणि इ.स. 105 हे साल त्याच्याशी जोडलं जातं. जपानात तो पोहोचला सहाव्या-सातव्या शतकात. कागदच नव्हता तिथे ओरिगामी कुठली? क्रौंचांच्या घड्यांचं एक छापील पुस्तक क्योतोत 1797 मध्ये निघालं, आणि या विषयावरच्या सर्वांत जुन्या पुस्तकांत त्याची गणना होते. तोवर युरोपातही लोक स्वस्थ बसले नव्हते. सतराव्या शतकातल्या तिथल्या मेजवान्यांत नॅपकिनांना घड्या घालून पक्षी-प्राणी मांडत. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या फ्रोबेलने बालवाडीत कागदाच्या घड्या आणल्या, आणि ती बालवाडी पुढे जपानातही गेली, घड्यांसकट. आज आपण जिला ओरिगामी म्हणतो तिला कलेचा मान मिळवून दिला तो अकिरा योशिझावा (1911–2005) यांनी, म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीत.

आणि आपल्याकडे काय नव्हतं? नाशिकच्या सराफ बाजारात कुठल्याही जुन्या पेढीवर जरा उभं राहा. गुलाबी पातळ कागदाचा तुकडा, त्यावर कानातल्यांचा जोड. खालची कड वर येते, दोन्ही बाजू आत जातात, वरची जीभ खालच्या खिशात खुपसली जाते. गोंद नाही, दोरा नाही, आणि पुडी खिशात कितीही हलली तरी आतला दागिना बाहेर येत नाही. सराफ हे करताना तुमच्याशी सोन्याच्या भावाबद्दल बोलत असतो, हातांकडे बघतही नाही. वैद्यांच्या चूर्णाच्या पुड्या, देवळातली अंगाऱ्याची पुडी, पावसाळ्यात गटारीच्या पाण्यात सोडलेल्या होड्या, हे सगळं काही जपानहून आलं नाही. त्याला कुणी कला म्हटलं नाही, एवढंच.

उजव्या मेंदूचं थोडक्यात उरकतो. घडी असो, गाणं असो की गणित, मेंदूचे दोन्ही अर्धे कामाला लागतात. मार्क वाढल्याचा पुरावा म्हणाल तर त्या मेसेजात हसऱ्या तोंडाच्या इमोजीपलीकडे काही नाही.

घडीत गणित मात्र खच्चून भरलंय, आणि मेसेजाने नेमकं तेच सोडलंय. फुंकर मारून फुगवायचा कागदी फुगा सगळ्यांना येतो. त्याची पहिली पायरी करा: चौरसाचे दोन कर्ण आणि मधली एक आडवी रेषा दुमडून कागद मिटला की त्रिकोण होतो. आता तो उलगडा आणि मधल्या बिंदूपाशी भेटणाऱ्या घड्या मोजा. सहा भरतात. त्यातल्या चार एका बाजूला उठलेल्या, दोन उलट बाजूला. फरक दोनाचा. सपाट मिटणाऱ्या कुठल्याही आकृतीत, कागदाच्या आतल्या कुठल्याही बिंदूपाशी हा फरक दोनच येतो. फक्त मिटलेल्या अवस्थेत खरोखर दुमडलेल्या असतील तेवढ्याच घड्या धरायच्या, सरावासाठी घातलेल्या नाहीत. याला माएकावाचा नियम म्हणतात. पाचवीतलं पोरगं तो स्वतः तपासू शकतं, आणि ‘असं का?’ म्हणून तुमचं डोकं खाऊ शकतं.

याहून गंमत पुढे आहे. पट्टी आणि कंपास वापरून 60 अंशांच्या कोनाचे तीन सारखे भाग करता येत नाहीत, हे 1837 मध्ये सिद्ध झालंय. कागद दुमडून ते होतात. घड्यांतून भूमिती शिकवणारं टी. सुंदर राव यांचं इंग्रजी पुस्तक 1893 मध्ये मद्रासला छापलं गेलं, म्हणजे हा मुलूखही आपल्याला नवा नाही. गणिताची गोडी लावायची असेल तर हे दाखवा. टक्क्यांची लालूच दाखवून दुमडायला बसवलेलं मूल तिसऱ्या घडीला जांभई देतं.

खास जपानी कागदाच्या मुद्द्याला तर नाशिककरांनी तरी हसावं. नाशिकरोडला 1925 पासून सिक्युरिटी प्रेस आहे, 1928 पासून तिथे नोटा छापल्या जातात, आणि आम्हाला कागद बाहेरून मागवायला सांगतात! जून महिन्यात वह्या-पुस्तकांना कव्हर घालून उरलेली खाकी कागदाची गुंडाळी घ्या. तो पातळ असूनही चिवट असतो, उलटसुलट दुमडला तरी चट्कन फाटत नाही, आणि एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत असल्याने दोन्ही बाजू वेगळ्या ओळखू येतात. झेरॉक्सचा कागद होडी-विमानाला छान, पण थर वाढले की तो फुगतो आणि क्रौंचाची मान जाडी होते. वर्तमानपत्र मऊ पडतं, बोटं काळी करतं. निफाड-पिंपळगावकडे उन्हापासून जपायला द्राक्षघडांभोवती ते गुंडाळतात, तिथेच शोभतं. पावसाळ्यात सगळेच कागद सादळतात, घडी कडक बसत नाही. म्हणून उन्हाळ्याची सुट्टी हा मोसम मात्र मेसेजवाल्याने बरोबर निवडलाय, भले नकळत.

कात्रीबद्दल म्हणाल, तर वर सांगितलेल्या 1797 च्या पुस्तकातच एका कागदाला चिरा देऊन एकमेकांना चोचीने, पंखाने जोडलेले क्रौंच करायचे प्रकार आहेत. न कापण्याचा दंडक पुढे कडक झाला. खेळाचा नियम म्हणून तो मलाही आवडतो, पण त्यावरून कुणाला बाद ठरवायचं कारण नाही. आणि ए-फोर कागदाचा चौरस करताना उरलेली पट्टी काय फुंकरीने तुटते?

सात घड्यांची गोष्ट 2002 मध्येच निकालात निघाली. ब्रिटनी गॅलिव्हन या कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलीने सुमारे 1.2 किलोमीटर लांबीचा टॉयलेट पेपर बारा वेळा अर्ध्यात दुमडला, आणि किती घड्यांना किती लांबी लागते याचं सूत्रही मांडलं. शिवाय ओरिगामीत दर वेळी अर्ध्यातच दुमडायचं असतं असं कुणी सांगितलं?

सादाकोच्या बाबतीत मात्र चूक दुरुस्त करायलाच हवी, कारण ती एका मेलेल्या मुलीबद्दल आहे. सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला, हजार कागदी क्रौंच केले की इच्छा पुरी होते या जपानी समजुतीने ती ते दुमडू लागली, आणि 25 ऑक्टोबर 1955 रोजी, बाराव्या वर्षी, ती गेली. 644 हा आकडा एका इंग्रजी बालकादंबरीतला. हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयाच्या माहितीप्रमाणे तिने हजाराचा टप्पा ओलांडला होता, आणि त्यानंतरही ती दुमडत राहिली. हजार पुरे झाले तरी ती वाचली नाही, हे शिबिराच्या जाहिरातीत बसत नाही, म्हणून अधुरा आकडा बरा वाटत असावा.

राहता राहिला मोबाईल. तो सुटत नाही. मी बघितलेली बहुतेक पोरं यूट्यूबवरूनच शिकतात. मोबाईल तांब्याला टेकवलेला, दोन्ही हात घडीत अडकलेले, आणि व्हिडिओ थांबवायला नाकाने स्क्रीन दाबायची. क्रौंचात एक जागा अशी येते की वरचा एकच थर उचलून मागे ओढायचा असतो. ओढताना दोन्ही बाजू आपोआप आत येतात आणि कागद लांबट पाकळीसारखा चपटा होतो. व्हिडिओत ती जागा दोन सेकंदांत जाते. आकृतीवरून शिकणाऱ्याला तिथे थांबून कागदाला विचारावं लागतं, आणि तो एकदम बसला की पोरगं ओरडतं. त्या आकृत्यांची खूणभाषाही योशिझावांचीच: तुटक रेषा म्हणजे घडी आत, तुटक रेषेत ठिपके म्हणजे घडी बाहेर, बाण म्हणजे कुठे न्यायचं. जपानी यायला नको, इंग्रजी यायला नको. शिबिराची फी भरलीच असेल, तर तिथे एवढं तरी शिकवणार आहेत का, हे विचारून घ्या.