वेळ वाचतो, पण कोणाचा?

"ऑनलाईन क्लासमुळे जाण्यायेण्याचा वेळ वाचतो आणि तो अभ्यासाला मिळतो" हे ऑनलाईन शिक्षणावरच्या लेखातलं वाक्य मला अर्धंच पटलं. वेळ वाचतो हे खरंच आहे, आम्ही हिंगण्याकडे राहतो, मुलीचा क्लास सीताबर्डीला, आणि मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी पोरीला बाहेर पाठवायला जीव घाबरतो, म्हणून अकरावीला ऑनलाईन लावला होता. पण फिजिक्समध्ये रोटेशनल मोशन सुरू झालं आणि तिचं गाडं तिथंच अडलं. शंका चॅटमध्ये टाकायची, ती बाकीच्या मेसेजमध्ये वाहून जायची, सर पुढे निघून जायचे. समोर बसली असती तर तिचा चेहरा बघूनच सरांना कळलं असतं ना! आता बारावीला परत क्लासला जाऊन राहिली, मेट्रोत मैत्रिणी एकमेकींना गणितं समजावतात, तो वेळ वाया गेला असं कसं म्हणायचं?

आणि लेखात वयाचा विचारच नाही. माझी वहिनी काटोलला शिक्षिका आहे, घरचं आटोपून रात्री 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाईन कोर्सच्या पोर्टलवर कोर्स करते, शिकायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेट हवं तरच परीक्षेची फी. लेक्चर थांबवून दोनदा ऐकता येतं. तिला नोकरी सोडून नागपूरला येणं शक्यच नव्हतं, तिच्यासाठी ऑनलाईन म्हणजे खरंच दार उघडलं. सोळा वर्षांच्या पोराला मात्र कोणीतरी समोर लागतं.