दहावीतच कोट्यधीश : सुज्ञ पालकांसाठी काही सूचना

आपला पाल्य आठवी ते बारावीच्या दरम्यान कुठेतरी असेल, आणि शाळा, क्रिकेट व हंगामात आंब्याच्या पेट्या भरायला हात लावणे एवढ्यावरच तो अजून समाधानी असेल, तर पालक म्हणून आपण फारच मागे राहिलेले आहात. आमच्या देवगड तालुक्यातही आता विद्यार्थ्यांना उद्योजकता आणि आर्थिक नियोजन शिकवणारे वर्ग येऊन पोहोचले आहेत. माझ्या धाकट्या भावाने मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या मुलाला अशाच एका वर्गात घातले, आणि त्या वर्गाची कागदपत्रे गेल्या आठवड्यात माझ्या वाचनात आली. त्यातून मिळालेले ज्ञान एकट्यापाशी ठेवणे अप्पलपोटेपणाचे होईल, म्हणून ते पुढील सूचनांच्या रूपाने आपल्यापुढे ठेवतो.

सर्वप्रथम, वर्ग घेणाऱ्या सरांचा स्वतःचा व्यवसाय कोणता, हे चुकूनही विचारू नये. त्यांच्या अंगात कोट असतो, ऐन मे महिन्यातल्या उकाड्यातही असतो, आणि पडद्यावर त्यांचा एका लांबलचक गाडीला टेकून काढलेला फोटो असतो. एवढा पुरावा कोणत्याही समंजस माणसाला पुरावा. शहरातून आलेला माणूस आपल्याला पैसा कसा कमवावा हे सांगायला स्वतःच्या खर्चाने इतक्या लांब येतो, याचेच खरे तर कौतुक करायचे असते. तो पैसा तो येथेच, शाळेच्या याच सभागृहात कमावतो आहे, असली कुजकट शंका एखाद्या म्हाताऱ्याने काढली तर त्याला चहा देऊन बाहेरच्या बाकावर बसवावे.

दुसरी सूचना अशी की, मुलाचे पाठ्यपुस्तक उघडून पाहू नये. त्यात मोठा धोका आहे. नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे आणि त्यात बचत, गुंतवणूक व प्राप्तिकर आहे. दहावीच्या पहिल्या भागात त्याच नावाचे आणखी एक प्रकरण आहे आणि त्यात जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड आणि एसआयपीसुद्धा आहे. चक्रवाढ व्याज तर आठवीतच येऊन जाते. ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. हे एकदा आपल्याला कळले की ज्या विषयांसाठी आपण हजारो रुपये मोजणार आहोत, ते आपल्या मुलाच्या दप्तरात आधीपासूनच आहेत, असा नसता उलगडा होऊन मनःशांती बिघडते. बारावी वाणिज्य शाखेला वर्षानुवर्षे पुस्तपालन शिकवून निवृत्त झालेले शिक्षक आपल्याच वाडीत राहतात, हेही विसरावे. ते मराठीत शिकवतात, कोट घालत नाहीत, आणि मुलगा चुकला तर त्याला चुकला म्हणतात.

प्रमाणपत्र मिळाल्याबरोबर ते लॅमिनेट करून घ्यावे. कोकणात दमट हवा असते.

खर्चाच्या अंदाजपत्रकाचा धडा मात्र मन लावून ऐकावा. त्यात असे शिकवतात की, दरमहा येणाऱ्या पगाराचे तीन भाग करावेत. निम्मा गरजांसाठी, 30 टक्के हौसेसाठी आणि 20 टक्के बचतीसाठी. हे ऐकणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी दरमहा पगार येत नाही, ही क्षुल्लक बाब आहे. बागायतदाराच्या घरी पैसा येतो तो मार्च ते मे या काळात, आणि मोहोरावर तुडतुडे पडले किंवा फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला तर तोही येत नाही. फवारणीची औषधे, खत, राखणदार आणि लाकडी पेट्या यांचा खर्च मात्र त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेला असतो. मच्छीमाराच्या घरी 1 जून ते 31 जुलै होडी किनाऱ्यावर ओढलेली असते आणि त्या दोन महिन्यांत शून्याचे तीन भाग करायचे असतात. वर्षातून एकदा आलेला पैसा बारा महिने कसा पुरवावा, बाग खंडाने द्यावी की स्वतः राखावी, व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतली तर भाव ठरवण्याचा हक्क कोणाच्या हातात जातो, हे प्रश्न त्या सरांना कोणी विचारले नाहीत, हे बरेच झाले. त्याऐवजी त्यांनी मुलांना रोजची महागडी कॉफी सोडून ते पैसे गुंतवण्याचा सल्ला दिला. आमच्या गावात कॉफी मिळते ती फक्त कोणी आजारी पडल्यावर, घरी.

उद्योजकतेच्या धड्याबद्दल थोडक्यात सांगतो. मुलांचे गट करून त्यांना लिंबू सरबताची गाडी चालवण्याचा प्रकल्प दिला जातो. आपल्या घरी आजी कोकमाचे आगळ घालत असेल, आई बचत गटात बसून काजूगर सोलण्याचा, पाकिटे भरण्याचा आणि उधारी वसूल करण्याचा हिशोब ठेवत असेल, तर त्या दोघींना प्रकल्पाच्या दिवशी लांब ठेवावे. कच्च्या मालाचा दर, मजुरी, तूट, खराब झालेला माल आणि न मिळालेले पैसे यांची त्यांना सवय असल्यामुळे त्या पाच मिनिटांत सगळा नफा पुसून टाकतील आणि मुलाचा आत्मविश्वास खचेल.

शेअर बाजाराचा तास सर्वांत रंगतो. तेथे ऑप्शनचे, म्हणजे भाव पुढे चढेल की पडेल यावर पैसे लावण्याचे, सौदे पडद्यावर प्रत्यक्ष चालताना दाखवतात. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीच्या 2024 च्या अभ्यासात, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक झाला, असे आढळले. पण असल्या नकारात्मक गोष्टी कोवळ्या वयात मुलांच्या कानावर घालू नयेत. नोंदणी नसलेल्या शिक्षकाने शिकवताना गेल्या तीन महिन्यांतील बाजारभाव वापरू नयेत, असे सेबीने जानेवारी 2025 मध्ये बजावले होते, हेही सरांना सांगू नये. त्यांना वाईट वाटेल. अठरा वर्षांखालील मुलाला कायद्याने करारच करता येत नाही, त्यामुळे सौदा होणार तो वडिलांच्या खात्यावर, हे मुलाला सरांनी सांगितलेले असतेच. पासवर्ड कोठे लिहून ठेवला आहे, तेवढे आपण सांगावे.

आता मुख्य सूचना, हप्त्यांची. शुल्क कधीही रोख भरू नये. माझ्या भावाने भरले नाही. शुल्क 48,000 रुपये; एकदम भरणाऱ्यास 8,000 रुपयांची खास सवलत; आणि ज्यांना एकदम जमत नाही त्यांच्यासाठी दरमहा 2,000 रुपयांचे 24 हप्ते, तेही ‘शून्य व्याजाने’. “दादा, बिनव्याजी म्हणान सांगल्यानी, म्हणान मी सही केलंय,” असे भाऊ मला म्हणाला. आता हे बिनव्याजी प्रकरण मांडून पाहा. जी वस्तू आज 40,000 ला मिळते तिची खरी किंमत 40,000. तिच्यासाठी दोन वर्षांत 48,000 द्यायचे, म्हणजे 8,000 व्याज झाले. साधा हिशोब करणारा म्हणेल, वर्षाला 10 टक्के. पण 40,000 रुपये दोन वर्षे आपल्याकडे राहतात कुठे? पहिल्याच महिन्यापासून मुद्दल फिटत जाते, सरासरी निम्मीच रक्कम आपण वापरतो, आणि घटत्या शिलकीवर हिशोब केला की दर वर्षाला 18 टक्क्यांच्या थोडा वरच निघतो. बँकेत मुदत ठेवीवर मिळणारा दर आठवून पाहा आणि मग त्या सवलतीचा आनंद घ्या. ज्या वर्गात मुलांना ‘कर्जाच्या सापळ्यात अडकू नका’ हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले पान शिकवले जाते, त्या वर्गाचे शुल्क अठरा टक्क्यांच्या कर्जाने भरायचे, आणि ते कर्ज आहे हे भरणाऱ्याला ठाऊकसुद्धा नसायचे, यापेक्षा परिणामकारक प्रात्यक्षिक दुसरे कोणते असू शकेल?

कारण भावाला खरोखरच ठाऊक नव्हते. टेबलामागच्या मुलीने त्याचा मोबाइल मागून घेतला, आधार क्रमांक टाकला, आलेला ओटीपी विचारला, आणि “झाले, काका” म्हणून परत दिला. तेवढ्यात कर्ज कोणा तरी वित्त कंपनीकडे त्याच्या नावावर मंजूर होऊन, वर्गवाल्यांच्या खात्यात जमा होऊन, हप्ता आपोआप कापून घेण्याची संमतीही नोंदली गेली होती. कागद इंग्रजीत. रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये सांगितले आहे की, कर्जाचा खरा वार्षिक दर दाखवणारे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत दिले पाहिजे. ठरावीक मुदतीत दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडण्याची सोय डिजिटल कर्जांसाठी 2022 पासूनच आहे. आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने तर डिसेंबर 2021 मध्येच पालकांना शिक्षण विकणाऱ्या कंपन्यांच्या आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांपासून सावध केले होते. कर्जातून बाहेर पडण्याची ती मुदत संपल्यावर माझ्या भावाला कळले की अशी मुदत असते.

जून लागला, सर शहरात परतले आणि वर्ग मोबाइलवर गेला. जूनमध्ये आमच्याकडे मोबाइलवर काय काय चालते, हे इथल्या लोकांना सांगायला नको. वीज गेली की नेटवर्क जाते, आणि वीज आली तरी नेटवर्क येईलच असे नाही. शिकवणेही मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून इंग्रजीत सरकले. मुलाने दहावीचे वर्ष म्हणून नाद सोडला. हप्त्याने नाद सोडला नाही. ऑगस्टमध्ये, आंब्याचे पैसे खते, दुकानाची उधारी आणि गणपतीची तयारी यांत संपलेले असताना, हप्ता परत गेला. बँकेने त्याचा दंड लावला, वित्त कंपनीने वेगळा लावला, आणि वसुलीवाल्याने फोन केला तो भावाला नव्हे, शेजारच्या वाण्याला. वर्गवाल्यांकडे गेलो तर ते म्हणतात, कर्ज तुमचे आणि कंपनीचे, आमचा संबंध नाही. कंपनीला फोन लावला तर ती म्हणते, वर्ग चालतो की नाही याच्याशी आमचा संबंध नाही. मग संबंध कोणाचा? त्या पोराचा, की ज्याला शिकवायला तुम्ही निघाला होता? या सगळ्याची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कोणी कर्ज कसे फेडले याच्या दप्तरात, होणार, आणि पुढच्या वर्षी पीककर्जाला गेल्यावर साहेब हाच कागद भावाच्या पुढे ठेवणार.

शाळेच्या सभागृहाचे भाडे किती मिळाले, हे संस्थाचालकांना विचारू नये, अशी एक सूचना लिहिणार होतो. पण आता मी ती लिहीत नाही. विचारा. मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र पालकांना गेले म्हणून लोक आले, शाळेवर विश्वास ठेवून आले, आणि संस्थाचालकहो, तो विश्वास तुम्ही भाड्याने दिलात. रिझर्व्ह बँक, सेबी आणि विमा व पेन्शनच्या नियामक संस्थांनी मिळून उभे केलेले राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र शाळांसाठी विनाशुल्क कार्यक्रम घेते. त्यांना एक पत्र लिहायला कोणाच्या हाताला लकवा भरला होता? पूर्वी शाळांतून संचयिका चालत, मुले रुपया-दोन रुपये जमा करत आणि वहीत स्वतः नोंद करत. त्या का बंद पडू दिल्या, याचेही उत्तर द्या.

आणि पालकहो, तुमच्यावरही मी चिडलेलो आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला आला की पेढे वाटणारे आपण, आणि सही करताना कागद वाचत नाही, ही कोणती हुशारी? वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून येणारी विक्रीची पट्टी तुम्ही दुमडून कपाटात टाकता. पेट्या किती गेल्या, कोणत्या दराने गेल्या, हमाली आणि गाडीभाडे किती गेले, हातात काय उरले, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कधी दाखवले आहे का? त्याच्या देखत कर्जाचा विषय निघाला की आवाज खाली आणता, आणि मग त्याला पैशाचे ज्ञान व्हावे म्हणून परक्या माणसाला 48,000 रुपये देता. दहा वर्षांवरील मुलाला बँकेत स्वतःच्या नावाचे बचत खाते स्वतः चालवता येते. रिझर्व्ह बँकेने 2014 पासून तशी मुभा दिली आहे आणि 2025 मध्ये ते नियम नव्याने दिले आहेत. ते खाते काढायला एक सकाळ लागते. काढून द्या, पासबुक त्याच्याच हातात ठेवा, या हंगामाची पट्टी त्याच्यापुढे टाका आणि त्यालाच बेरीज करायला सांगा. चुकला तर ओरडू नका. आणि मोबाइलवर आलेला ओटीपी पुन्हा कोणाला सांगितलात, तर मग माझ्याकडे कागद घेऊन येऊ नका.